खोडाळ्याहून आलेली स्वच्छ बाटली

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. जव्हारच्या एका दवाखान्यात खिडकीशी माझी जागा होती. वीज गेली की तिथल्या तपासनीस पुष्पलताबाई माझा गोल आरसा उन्हाकडे वळवत आणि आमचे काम चालू राही. हिवताप शोधायला रक्ताच्या हजारो काचा मी पाहिल्या. "हा कधी चुकत नाही," असे बाई म्हणत, तेव्हा मला फार बरे वाटे.

दोन हजार एक साली मुंबईहून डॉक्टर नीता दर महिन्याला येऊ लागल्या. रोगाशी लढणारे शरीराचे राखणदार कधी कधी घरच्याच बारीक रक्तवाहिन्यांवर धावून जातात आणि त्यात मूत्रपिंडे दुखावतात. असे का होते, आणि मूत्रपिंड बिघडण्याआधी लघवीत कोणती खूण दिसते, हे त्या शोधत होत्या.

त्या आलेल्या असताना एकदा खोडाळ्याची रामी आपल्या दहा वर्षांच्या चैतीला घेऊन आली. पोरीच्या नडग्यांवर जांभळे ठिपके, पाय सुजलेले. सकाळची लघवी बाटलीत भरून आणली होती. मी पाहिली. असे ठिपके आणि सूज असली की लघवीत बहुधा रक्त सापडे, पण इथे एकही लाल पेशी नव्हती.

बाई एकदा चैतीच्या पायांकडे पाहत, एकदा माझ्याकडे. माझ्यावर संशय घेण्याची त्यांची ती पहिलीच वेळ.

"रामी, ही हिचीच ना?"

"तिची लाल व्हती, बाय. तुमाला असली खराब कशी देऊ? म्हून धाकल्या सोम्याची आनली. साफ हाय."

"मग औषध सोम्यालाच देऊ?"

"मला सुई नको," सोबत आलेला सोम्या आईमागून म्हणाला. चैतीसुद्धा हसली.

मग चैतीची बाटली आली. तिच्यात लाल पेशींचा नुसता खच. शिवाय मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत घडलेल्या, शेवयांच्या तुकड्यांसारख्या लाल कांड्या. "वेळेत सापडलं," डॉक्टर नीता म्हणाल्या. उपचार त्याच दिवशी सुरू झाले आणि उरलेली लघवी बर्फाच्या डब्यातून संशोधनासाठी मुंबईला गेली.

दीड वर्षाने, नागलीची लावणी आटोपून, मायलेकी पुन्हा आल्या.

"आज तिचीच हाय," रामीने आधीच सांगून टाकले.

बाईंनी दोनदा पाहिले. मग चैतीला माझ्यापाशी उभे केले.

"काहीच दिसत नाय," चैती कुरकुरली.

"तेच तर बघायचं होतं," बाई म्हणाल्या आणि डोळे पुसू लागल्या.

आता दवाखान्यात नवे यंत्र आहे. मी शाळेच्या कपाटात असतो. मित्रांनो, मला अधूनमधून उन्हात आणा. माझी काच मऊ कापडाने पुसा. आणि दवाखान्यात कोणी बाटली हाती दिली, तर लाजू नका, ती स्वतःच भरा. तुम्ही खरे दाखवलेत, तरच मला खरे सांगता येते.