दुसऱ्या वळणावरचा भंडारा

न्हावऱ्याच्या मल्हारीआबांना बैलातलं कळायचं, बिरोबाचं कळायचं, पण घरातल्या पोराचं काही कळायचं नाही. बिरदेव पुण्याला गॅरेजात लागला तेव्हा आबांनी त्याची भर उंबऱ्यात खरडपट्टी काढली होती. "बापजाद्यांनी मेंढरं राखली, म्या शर्यतीचा गाडा पळवला, आन् तू लोकांच्या गाडीखाली उताणा पडणार व्हय?" तेव्हापासून बापलेकांचं बोलणं सणावारापुरतं. तेही बिरदेवची आई कुशाबाई मध्ये उभी राहिली तर.

आणि तोच पोरगा एके दिवशी आपल्या पायानं आला. "आबा, रविवारी बोरमाळच्या खिंडीत गाड्यांची शर्यत हाय. गॅरेजचे शेठ मला त्यांची मारुती चालवाया देणार हायेत. चांगली चढली तर हितून पुढं ड्रायव्हर मीच. न्हाई तर पान्हे हायेतच. तुम्ही या." मग जरा घुटमळून म्हणाला, "दुसऱ्या वळणावर उभं ऱ्हावा. तिथं गाडी हळू होती, मी दिसंन तुम्हाला."

'तुम्ही या' हे दोन शब्द आबांनी रविवारपर्यंत जपून ठेवले. डेअरीवर दूध घालायला गेले की कुणी विचारो न विचारो, "पोरानं बोलावलंय," असं सांगत सुटले.

निघताना कुशाबाईनं भंडाऱ्याची पुरचुंडी त्यांच्या हातात ठेवली. "बिरोबाच्या पायाशी ठेवून आणलाय. गाडी सुटायच्या आत उधळा. इसरलात तर घरात येऊ नका."

"म्या इसरंन?" आबा गुरकावले. इसरायचा प्रश्नच नव्हता. बैलगाड्यांच्या शर्यतीच्या घाटात बारी सुटताना भंडारा उधळला नाही असं त्यांच्या हयातीत घडलं नव्हतं. बैल, गाडा, माणसं, सगळं पिवळंधमक व्हायचं आणि मगच गाडा चढावर सुटायचा.

खिंडीत गेल्यावर आबांचा जीव भांड्यात पडला. इथंही गाड्या एकेक करूनच चढावर सोडत होते आणि वेळ घड्याळावर घेत होते. बाकी मात्र सगळं परकं होतं. ढोल नाही, 'भिर्र'ची आरोळी नाही, नुसता धूर आणि गॉगलवाली माणसं. आबा सुटायच्या जागेकडं निघाले तर गळ्यात पट्टी अडकवलेल्या एकानं दोरीपाशीच हात आडवा घातला. "काका, पास आहे का?"

"आवं, पोरगा हाय माझा. भंडारा टाकायचाय नुस्ता."

"पासाशिवाय नाही. वर जा, वर."

चार माणसांत हुज्जत घालून पोराची शोभा करावी असं त्यांना वाटेना. मुकाट वर चढले. दुसऱ्या वळणावर आडबाजूला एक बाभळ होती, तिच्या बुडाशी जाऊन उभे राहिले. झेंडेवाला पार पलीकडं होता, बाकीची गर्दी सावलीला खाली. देवाचं काम तेवढं राहिलं होतं आणि ते आबांच्या जिवाला लागलं होतं. मग त्यांना पोराचं बोलणं आठवलं. इथं गाडी हळू होते. सुटताना नाही तर नाही, देव काय जागा बघतो का?

गाडीचा आवाज आला. पांढरी मारुती पहिलं वळण असं सफाईनं कापत आली की घाटातला जुना माणूस नकळत पुटपुटला, "वा रं माझ्या वाघा!" उन्हामुळं काच खाली केलेली. हेल्मेटातला बिरदेवचा चेहरा दिसला. त्यानंही बापाला पाहिलं. हसला.

"बिरोबाच्या नावानं चांगभलं!" आबांनी मूठभर भंडारा उधळला. आधी देवाला, मग पोराला, आणि तीन वर्षं न बोललेलं सगळं त्या एका मुठीत.

भंडारा उघड्या काचेतून सरळ आत गेला. गाडी वळलीच नाही. नाकाडानं डोंगराच्या कड्यावर आदळली आणि चाकं फिरायची थांबली.

आबा कसे धावले त्यांचं त्यांना कळलं नाही. दार ओढून बिरदेवला बाहेर घेतलं. गुडघा फुटला होता, पण पोरगा जिता होता. डोळे मात्र उघडता येत नव्हते. आबांनी जवळच्या बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन डोळ्यांवर मारलं.

"आबा, कुणी टाकलं वो डोळ्यात? तुम्ही बघितलं?"

आबांनी पुन्हा ओंजळ भरली. "न्हाई बा," ते म्हणाले. "म्या न्हाई बघितलं."

दुसऱ्या ओंजळीनंतर बिरदेवचे डोळे किलकिले झाले. त्यानं आधी समोरची ओंजळ पाहिली. पिवळीजर्द. मग खालून शेठ आणि माणसं पळत येताना दिसली, तसा हळू आवाजात म्हणाला, "हात पुसा आबा. लवकर."

शेठनं गाडीत डोकावून विचारलं, "हे पिवळं काय आहे?"

"देवाचा भंडारा हाय, शेठ. मीच म्होरं ठेवला व्हता. उडाला. माझीच चूक."

"गाडीत देव घेऊन बसतोस? अरे, माझी गाडी घालवलीस!" शेठनं सगळ्यांदेखत त्याचा उद्धार केला. "उद्यापासून गॅरेजात पाऊल टाकायचं नाही."

बिरदेव खाली मान घालून उभा होता. आबा शेजारीच उभे होते, हात पाठीमागं धरून. तोंडातून एक शब्द फुटला असता तर पोराची लाज वाचली असती. फुटला नाही. पोरानं नंतर त्यांना एसटीत बसवून दिलं, पण घरी आला नाही.

कुशाबाईनं ताट वाढलं आणि सगळं ऐकून घेतलं, म्हणजे आबांनी सांगितलं तेवढं.

"पर भंडारा उधळला न्हवं?"

"उधळला."

"मग असं कसं झालं?"

"देवाच्या मनात नव्हतं," आबा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बिरोबावर खोटा आळ घेतला. भाकरी मोडायला हात पुढं केला, तर नखांच्या कडा अजून पिवळ्याच होत्या. त्यांनी तो तसाच मागं घेतला.

कुशाबाईनं देवाकडं बघून हात जोडले. "असू द्या. म्होरल्या शर्यतीला मी सोता येते. येक मूठ जास्तीची टाकू."