बर्लिनच्या तारेपाशी

मी एक चामड्याची सुटकेस बोलतेय. मुक्काम जळगाव जामोद, माळ्यावर. माझ्या पाठीवरचा हॅम्बुर्गचा कागद अजून निघालेला नाही.

भगवंतरावांची सरकी काढायची गिरणी होती. नवी यंत्रं पाहायला ते एकसष्ट साली जर्मनीला निघाले आणि पत्नीला, सत्यभामाबाईंनाही सोबत घेतलं. बाई बोटीवर चढल्या त्या माझी मूठ घट्ट धरून.

यंत्रं दोन दिवसांत पाहून झाली, पण भगवंतरावांना शहरांचं वेड लागलं. हॅम्बुर्गच्या बंदरात ते संध्याकाळभर दिवे बघत बसले. कोलोनच्या काळ्याभोर, उंच चर्चसमोर त्यांची मान अवघडली. बाई मात्र हरवण्याच्या भीतीनं त्यांचा कोट सोडत नव्हत्या.

मग बर्लिन. पूर्वेकडच्या भागात खोली घेतली. रविवारी सकाळी आम्ही पश्चिमेकडच्या स्टेशनाकडे निघालो, तर रस्त्यावर काटेरी तार. बंदुका घेतलेले शिपाई. तारेच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी राहून रडत होती. एका रात्रीत शहर मधोमध चिरलं होतं.

शिपायांनी पासपोर्ट घेतले, मला उघडून बाईंची लुगडी उलटीपालटी केली आणि भगवंतरावांना चौकशीसाठी एका खोलीत नेलं. दार लागलं. बाई माझ्यावर बसल्या. त्यांच्या अंगाची थरथर माझ्या बिजागऱ्यांपर्यंत पोचत होती. मीही भ्याले होते. इथंच टाकून दिलं तर?

थोड्या वेळानं एका शिपायानं बाईंचा पासपोर्ट परत दिला आणि पलीकडे जा अशी खूण केली. बाई उठल्या नाहीत. त्यानं आवाज चढवला. बाईंनी बंद दाराकडे बोट दाखवलं.

"माहे मालक आत हायेत," त्या हळूच म्हणाल्या. "ते येईलोक मी कुठीच जात नाई."

शब्द त्याला कळले नसतील. पण तो तिथून हटला.

भगवंतराव बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. पलीकडे पोचल्यावर ते माझ्यावर बसले. आता सरळ घरी जाऊ, असं ते म्हणाले.

बाईंनी पदरानं त्यांचा घाम पुसला. "म्युनिक राह्यलं न," त्या म्हणाल्या. "तेवढं पाहून जाऊ."

म्युनिकमध्ये बाईंनी कोट धरला नाही.

आता त्यांची लेक कोकिळा शिकायला नागपूरला जायचं म्हणते. एकटी पोर, म्हणून घरात सगळे घाबरलेत. मीही घाबरलेय, माझी एक कडी सैल झालीय. तरी मला खाली काढा. माझ्यात तिचे कपडे भरा. भीत भीतच जाऊ आम्ही.