दौलतच्या शेजारची जागा

रंगूबाईच्या तोंडावर देवीचे वण होते, म्हणून तिला कुठंही जाता येई. खाडीकाठच्या त्या आगरी गावात त्या वर्षी देवी आली, दारादाराला कडुनिंबाचे डहाळे लागले आणि सोयरेधायरेसुद्धा वेशीवरून माघारी फिरले. रंगूबाई मात्र पदर खोचून कल्याणहून पायी निघाली. एकदा येऊन गेलेली देवी पुन्हा येत नाही, असं डॉक्टर सांगत आणि गावची म्हातारी माणसंही सांगत. बाकी कशावर त्यांचं एकमत होत नसे.

ती मूळची नगरकडची. नवरा रेल्वेत सांधेवाला होता, तो गाडीखाली गेला. मग एकुलता एक दौलत तापानं गेला. दुसरी एखादी अंथरूण धरून बसली असती. रंगूबाईनं चर्चच्या प्रचाराचं काम धरलं. जिथं रडं असेल तिथं जायचं, जवळ बसायचं, प्रभूची वचनं सांगायची, प्रार्थना करायची. लोक म्हणत, बाई बाटवायला येते. तसं नव्हतं, आणि अगदीच नव्हतं असंही नाही. ज्या दोराला धरून आपण वर आलो, तो विहिरीत पडलेल्या प्रत्येकाला द्यावा, असं तिला मनापासून वाटे. तिच्या कामाची कदर म्हणून चर्चच्या पंचांनी कल्याणच्या दफनभूमीत दौलतच्या शेजारची जागा तिच्यासाठी राखून ठेवली होती. दर रविवारी उपासना आटोपली की ती तिथलं गवत उपटी, आपल्या जागेवर घटकाभर बसे आणि मग घरी जाऊन जेवे. आपण इथंच निजणार आहोत, एवढ्यावर तिचे उरलेले सहा दिवस निघत.

त्या गावात तुळसाचा रघु गेला. चार वर्षांचा पोर. तिचा नवरा काळुराम मिठागरावर राबायचा, तो निदान दारू पिऊन रडून मोकळा झाला. तुळसा रडलीच नाही. रंगूबाई तिच्याजवळ बसून सांगत राहिली, की रघु आता येशूच्या मांडीवर आहे, त्याच्या अंगाची आग शमली आहे, एक दिवस तुमची भेट होणार आहे.

"तुजा पोर कुठं हाय?" तुळसानं विचारलं.

"प्रभूपाशी."

"ता नाय इचारत मी. माती कुठं हाय त्याची?"

रंगूबाईनं सांगितलं, कल्याणला आहे, वर दगड आहे, दगडावर नाव आहे.

"माज्या पोराची मना म्हायत नाय," तुळसा म्हणाली. "बाप्यांनी नेला. कुठं ठेवला ता कोन सांगत नाय."

देवीनं नेलेलं मूल त्या गावात जाळत नसत, पुरत. बायकांना तिकडे जायची बंदी, आणि आईला तर जागासुद्धा सांगत नसत. आई तिथं जाऊन रडली की पाठचं मूल टिकत नाही म्हणे. शहाण्यांनी केलेला हा नियम, त्यांच्यातल्या एकालाही पान्हा फुटलेला नव्हता. रंगूबाईनं काळुरामला बाजूला घेऊन खोदून विचारलं. तो खाली बघत म्हणाला, की खाडीच्या काठाला पुरला होता, पण अवसेच्या उधाणानं तो काठच ओढून नेला. आता त्यालाही जागा सापडत नव्हती. हे तिला कोणत्या तोंडानं सांगू, असं तो विचारत राहिला.

तुळसानं हट्ट धरला, तुझ्या पोराची जागा तरी दाखव. रंगूबाईला आनंद झाला. गावातून पहिल्यांदाच एक बाई आपणहून चर्चकडे येत होती, आणि तिनं तसं चर्चचे पंच त्र्यंबक मास्तर यांना कळवूनही टाकलं. रविवारी तुळसा आली, उपासना संपेपर्यंत बाहेर चिंचेखाली बसून राहिली, आणि दफनभूमीत गेल्यावर दौलतच्या दगडाला दोन्ही हातांनी कवटाळून बसली. कितीतरी वेळानं तिनं मान वर केली.

"यो अर्धा माजा समजू?"

रंगूबाईनं दगडावर हात ठेवला. वचनं तिनं ओंजळी भरभरून वाटली होती, त्यांत तिचं काही कमी होत नव्हतं. हा दगड वेगळा होता.

"नाही," ती म्हणाली. "हा माझा आहे."

तुळसा उठली, लुगड्याची माती झटकली आणि निघून गेली. त्यानंतर रंगूबाईचे पाय त्या गावाकडे वळेनात. प्रार्थनेला बसली की तिला स्वतःचा तो 'नाही' ऐकू येई आणि पुढचे शब्द सुचत नसत.

मग एक दिवस काळुरामच तिच्या दारात येऊन उभा राहिला. काठ वाहून गेल्याचं त्यानं शेवटी तुळसाच्या कानावर घातलं होतं; तेव्हापासून ओहोटी लागली की ती खाडीत उतरते आणि हातांनी चिखल उकरते, असं त्यानं सांगितलं. भरतीच्या वेळी दोनदा बाप्यांनी ओढून वर काढली होती. तुमची पोथी तिच्यावर वाचा, म्हणाला. रंगूबाईनं पुस्तक उचललं, पुन्हा खाली ठेवलं आणि रिकाम्या हातांनी त्याच्याबरोबर गेली.

तुळसा मांड्यांपर्यंत चिखलात होती. बोटांची नखं उखडली होती. रंगूबाई तिच्याजवळ जाऊन गुडघ्यांवर बसली. इतक्या वर्षांची पाठ वचनं, त्यातलं एक आठवेल तर शपथ.

"दौलतच्या शेजारी जागा आहे," ती म्हणाली. "माझी आहे. रघुला तिथं ठेव."

"रगू कुठं हाय ठेवाला?"

"ह्याच चिखलात आहे ना? घे ओटीत."

तुळसानं तान्हं मूल घ्यावं तसा खाडीचा चिखल ओटीत घेतला. कल्याणपर्यंत दोघी चालत आल्या, लुगड्यातून पाणी ठिबकत होतं. रंगूबाईनं खुरप्यानं आपल्याच जागेत खड्डा केला. प्रार्थना अगदी लहान झाली. तुळसानं वर हळद वाहिली, तिला कुणी अडवलं नाही. मग ती जमिनीवर आडवी पडून रडली, इतकी की रस्त्यावरचे टांगेवाले थांबून पाहू लागले.

पंचांची सभा भरली. त्र्यंबक मास्तर माणूस वाईट नव्हता, नियमाचा होता. ख्रिस्ती दफनभूमीत हळद कशी आली, बाप्तिस्मा नसलेलं मूल कसं आलं आणि त्यातही मूल नाही तर नुसता चिखल, हे त्यांना समजेना. उकरून टाका, असं दोघातिघांनी सुचवलं. रंगूबाई म्हणाली, आधी मला पुरा, मग उकरा. शेवटी असं ठरलं, की झालं ते झालं. मात्र नियमाप्रमाणे एका जागेत एकच. ती जागा आता भरली, आणि दौलतजवळ दुसरी मोकळी नव्हती.

"बाई, नीट विचार करा," मास्तर म्हणाले. "तुम्हाला मग कुठं ठेवायचं?"

रंगूबाईची दर रविवारची ती घटकाभराची जागा गेली, ती गेलीच. भेट होणार आहे, असं ती दारोदार सांगत आली होती. आता ते तिला स्वतःला खरं मानावं लागणार होतं.

"मला खाडीत टाका," ती म्हणाली. "तिथं त्या पोराजवळ कुणीच नाही."