दप्तरबाबांचे तीस दिवस

सकाळी साडेसातला रस्ते विभागाचं फाटक उघडलेलं नसायचं, पण समोरच्या बॅटरीच्या दुकानावरचा हॉल तोवर गच्च भरलेला असायचा. जिन्यावर चपलांचा खच पडलेला. वर माणसं खांद्याला खांदा लावून बसलेली. कुणाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीतली कागदपत्रं, कुणाच्या मांडीवर रडून झोपी गेलेलं पोर. आणि पुढे, जाड गादीवर, डोळे मिटून दप्तरबाबा.

दप्तरबाबांचा चमत्कार असा की त्यांना सरकारी कपाटाच्या आतलं दिसायचं. सात खेटे घालूनही कारकुनाच्या तोंडून "उद्या या" यापलीकडे शब्द न ऐकलेल्या माणसाला हे गृहस्थ सांगायचे, "दुसरा मजला. खिडकीजवळचं कपाट. तुझ्या फाइलीत पान सोळावर लाल शाईची खूण आहे." पुढे कधीतरी त्या माणसाला फाइल बघायला मिळाली की पान सोळावर लाल खूण खरोखर निघायची. हे मी आधीच कबूल करून टाकतो. मला या माणसाची सालटी काढायची आहेत आणि ती खोटं बोलून काढायची नाहीत.

मी छापखान्यात मुद्रितशोधक आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून माझा स्वभाव तिरसट झालाय असं माझी ताई म्हणते. ताई शिवणकाम करते. दोन खोल्यांचं घर, मागच्या खोलीत ती आणि तिच्या सासूबाई राहतात, पुढच्या खोलीत दोन मशिनी आणि शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे. तिच्या भिंतीवर एके दिवशी कुणीतरी लाल रंगाचा बाण काढून गेलं. रस्ता रुंद होणार होता. घर जाणार हे कळलं. बदल्यात दुसरीकडे जागा मिळणार की नाही, हे मात्र कुणी सांगेना. ताई विभागात सात वेळा गेली. साहेब मीटिंगमध्ये, साहेब साइटवर, साहेब जेवायला. आठव्या वेळी ती फाटकातून वळली आणि समोरचा जिना चढली.

मला कळलं तेव्हा मी भडकलोच. "अगं, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

"तुझं आहे ना? मग तू सांग माझी फाइल कुठे आहे," ताई म्हणाली. "नाही ना सांगता येत? मग गप्प बस."

पद्धत ठरलेली होती. पहिल्या दिवशी बाबांचा चष्मेवाला शिष्य घर क्रमांक, तक्रार आणि ओळखपत्राची प्रत घ्यायचा. मग एका कोऱ्या कागदावर खाली उजवीकडे सही. हा म्हणे संकल्पाचा कागद, बाबांच्या दृष्टीला वाट दाखवायला. त्यानंतर तीस दिवसांचं मौन. मौन म्हणजे विभागात पाऊल टाकायचं नाही आणि या विषयावर कुठे बोलायचं नाही. बोललात तर दृष्टी गढूळ होते. तीस दिवस उलटले की बोलावणं यायचं.

ताईला तेहेतिसाव्या दिवशी बोलावलं. मी बरोबर गेलो. शेजारी घड्याळवाले काका बसले होते. ताईच्याच ओळीत, चार घरं पलीकडे, त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. त्यांना बाबांनी दोन महिन्यांपूर्वीच त्यांच्या फाइलीचं दर्शन घडवलं होतं. तेव्हापासून ते एकामागून एक अनुष्ठानं करत होते आणि हॉलमध्ये शांतता राखण्याचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं.

बाबांनी सुरुवात केली. "कागदाला जीव असतो, माई. शाई त्याचं रक्त, शिक्का त्याचा श्वास. जिथे शिक्का नाही तिथे कागद गुदमरतो."

"वा!" घड्याळवाले काका पुटपुटले.

"दिसतंय... दुसरा मजला... पान चोवीस. उपरोक्त मिळकतीचं पान."

मी कान टवकारले. परलोकात 'उपरोक्त' कोण म्हणतं?

"भट्टी!" बाबा एकदम ओरडले. "मला भट्टी दिसते, माई. पेटलेली भट्टी! आणि पुढे लिहिलंय, पर्यायी जागेस अपात्र."

ताईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मला राहवलं नाही. "बाबा, हिच्या घरी भट्टी कुठली? ही शिवणकाम करते. भट्टी शेजारच्या बेकरीवाल्याची आहे."

सगळा हॉल माझ्याकडे वळला. "शू!" घड्याळवाले काका माझ्यावर खेकसले. "एवढं शिकून अक्कल नाही? भट्टी म्हणजे संसाराची भट्टी हो! बिचारी जळतेय त्यात!"

"खरंय, खरंय," मागून चार बायका म्हणाल्या.

बाबांनी एक डोळा किलकिला करून मला पाहिलं आणि पुन्हा मिटला. शिष्य म्हणाला, "दोष मोठा आहे. एकवीस दिवसांचं अनुष्ठान करावं लागेल. तोवर विभागाकडे फिरकायचं नाही."

घरी येताच ताई अनुष्ठानाचे दिवस बोटांवर मोजू लागली. मी मात्र त्या भट्टीशीच अडखळलो होतो. माझ्या धंद्यात दोन मजकुरांत एकच चूक सापडली की एकाची नक्कल दुसऱ्याने केलीय हे ओळखायला फार बुद्धी लागत नाही. ज्याला भिंतीपलीकडचं दिसतं त्याला ताईच्या मशिनी दिसल्या असत्या. याला भट्टी दिसली. म्हणजे याने घर पाहिलंच नव्हतं, कुणीतरी चुकवून लिहिलेला कागद पाहिला होता. प्रश्न एवढाच, तो कागद याच्या हाती कसा लागला?

"ताई, उद्या माझ्याबरोबर विभागात चल."

"अनुष्ठान मोडेल."

"मोडू दे. अपात्र तर तू झालीच आहेस, आणखी काय व्हायचंय?"

तिने मशीनवर आच्छादन टाकलं आणि होकारार्थी मान हलवली.

विभागात शिरल्यावर नेहमीच्या खिडकीशी गेलोच नाही. "इथे माहिती मागायची असेल तर कुणाकडे मागायची?" असं दिसेल त्याला विचारत सुटलो. तिघांनी खांदे उडवले. चौथ्याने, एका शिपायाने, पाण्याच्या टाकीमागे बोट दाखवलं. तिथे भिंतीवर, निम्मा टाकीने झाकलेला, फलक होता. नागरिकाला विभागाकडून माहिती मागता येते. साध्या कागदावर अर्ज, किरकोळ शुल्क, कारण सांगायची गरज नाही. तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक. फाइल प्रत्यक्षही पाहता येते. उत्तर नाही आलं तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील. माहिती अधिकारी, खोली क्रमांक अकरा.

लोकांच्या हक्काचा फलक पाण्याच्या टाकीमागे ठेवणाऱ्या माणसाला मी त्या टाकीतच बुडवलं असतं.

"तीस दिवस," ताई हळूच म्हणाली.

"काय?"

"मौनही तीस दिवसांचंच होतं रे."

अकरा नंबरच्या खोलीत बसलेल्या अधिकारी बाईंनी ताईचं नाव ऐकलं, रजिस्टर उघडलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "पुन्हा? तुम्हाला आठवड्यापूर्वीच उत्तर दिलंय की."

"मी कधी विचारलं?" ताई म्हणाली.

बाईंनी फाइल काढून समोर टाकली. वर टाइप केलेला अर्ज होता. माझ्या मिळकतीची सद्यस्थिती, सर्वेक्षणाच्या पानाची प्रत, फाइल कुठल्या मजल्यावर कुठल्या कपाटात आहे त्याचा तपशील. खाली उजवीकडे ताईची सही. आणि उत्तर पाठवण्याचा पत्ता: बॅटरीचं दुकान, वरचा मजला.

ताईने सहीवर बोट ठेवलं. "ही माझीच आहे. पण मी सही केली तेव्हा वर काहीच नव्हतं."

"कोऱ्या कागदावर सही केलीत?" बाईंनी चष्मा काढून ताईच्या गळ्यातली मापाची पट्टी पाहिली. "शिवायला आलेलं कापड माप न घेता कापता का हो तुम्ही?"

मी विचारलं, "बाई, एकाच पत्त्यावर इतकी उत्तरं जातात, तुम्हाला काही वाटलं नाही?"

"पत्ता अर्जदाराने द्यायचा. 'का हवंय' हे विचारायची मला मुभा नाही आणि नसावीच. विचारायला लागलो तर निम्मे लोक घाबरून मागणारच नाहीत. त्या पत्त्यावरचे गृहस्थ पूर्वी फाटकाबाहेर टाइपरायटर घेऊन बसायचे, लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. उत्तम अर्ज लिहायचे. मला वाटलं, अजून तेच करताहेत."

तर अशी ती दिव्यदृष्टी. तुमचा हक्क तुमच्याच सहीने वापरायचा, उत्तर आपल्या पत्त्यावर मागवायचं, पाठ करायचं आणि तुम्हालाच साक्षात्कार म्हणून परत द्यायचं. तुम्ही त्या तीस दिवसांत विभागात जाऊन घोळ घालू नये म्हणून मौन. सरळ अर्ज लिहून दिले असते तर या माणसाला लोकांनी आयुष्यभर दुवा दिला असता. पण अर्ज लिहिणाऱ्याच्या पाया कोण पडतं?

फाइलीतलं पान चोवीस मी वाचलं. सर्वेक्षण करणाऱ्याची एक ओळ घसरली होती. ताईच्या घरापुढे बेकरीवाल्याचा धंदा लिहिला होता: भट्टी, धोकादायक व्यवसाय, पर्यायी जागेस अपात्र. आणि विभागाच्या उत्तराच्या तळाशी एक ओळ होती. नोंदीबाबत हरकत असल्यास अमुक तारखेपर्यंत लेखी द्यावी. त्यानंतर विचार होणार नाही.

त्या तारखेला सहा दिवस उरले होते. अनुष्ठान एकवीस दिवसांचं होतं.

माझं डोकं फिरलं. "आत्ता जातो आणि त्याला गादीवरून खाली ओढतो."

ताईने माझा दंड धरला. "आधी हरकत. मग बाबा." तिने तिथेच बाकावर बसून हरकत लिहिली, शिक्का मारलेली पोच घेतली, उत्तराची प्रत मागून घेतली. अक्षर सरळ होतं.

फाटकाबाहेर पडल्यावर समोरच्या बॅटरीवाल्याकडे सहज चौकशी केली. तो म्हणाला, "टपालवाला रोज सव्वाअकराला मागच्या जिन्याने वर जातो. त्या वेळी बाबांची समाधी असते. पडदा ओढतात."

दुसऱ्या दिवशी अकराला आम्ही हॉलमध्ये होतो. ताई उभी राहिली. "बाबा, माझ्या पानावरचं सगळं दिसलं तुम्हाला. उत्तराच्या अगदी शेवटची ओळ दिसते का?"

"दृष्टी मागून मिळत नसते, माई."

"मग मी दाखवते." तिने ती ओळ मोठ्याने वाचली, तारखेसकट. नंतर वरचा अर्ज वाचला, सही दाखवली, पत्ता वाचला. "इथे कोऱ्या कागदावर सही कुणी कुणी केलीय?"

एक हात वर गेला, मग दहा. शिष्य ओरडला, "बाईला बाधा झालीय! बाहेर काढा!" आणि त्याने पडदा ओढला. घड्याळ बघितलं असणार त्याने. मी तो पडदा धरला आणि कड्यांसकट खाली आणला.

मागच्या दारात टपालवाला उभा होता, हातात तपकिरी पाकिटांचा गठ्ठा घेऊन.

"नावं वाचा हो," मी म्हणालो.

"नाव ज्याचं, पाकीट त्याचं. मला काय?" तो म्हणाला. "हे बाबा तर सांगायचे, सगळे इथेच राहतात." आणि त्याने वाचायला सुरुवात केली. "अहो, ते माझं!" "माझं इकडे द्या!" लोक उठले. भराभर पाकिटं फुटली आणि लोक आपापले साक्षात्कार आपणच वाचू लागले. बाबा गादीवरून उठून म्हणाले, "मूर्खांनो, मी नसतो तर तुम्हाला हे कळलं असतं का?" तेवढं एक वाक्य तो माणूस अधिकारवाणीने बोलला.

लाज वाटण्यासारखी गोष्ट म्हणजे त्याला दुजोरा देणारेही निघाले. "काही म्हणा, सांगत खरं होते." अरे, खरंच सांगत होता! चोराने तुमचंच घड्याळ बघून तुम्हाला वेळ सांगितली म्हणून त्याच्या पाया पडाल का?

ताईच्या घरी पंधरवड्याने दोघे अधिकारी आले. त्यांनी मशिनी मोजल्या, गणवेश पाहिले, भट्टी शोधून पाहिली आणि नोंद बदलून गेले. तिला नवी जागा मिळाली.

घड्याळवाले काका त्या दिवशी पाकिटांच्या गर्दीतही बसूनच राहिले होते. त्यांचं उत्तर दोन महिन्यांपूर्वीच येऊन गेलं होतं. बाबांच्या गादीमागच्या खोक्यात ते ताईला सापडलं. त्यांचीही नोंद चुकीची होती. दुकान बंद पडलेलं आहे, असं लिहिलं होतं. हरकतीची मुदत उलटून दीड महिना झाला होता. ती उलटली तेव्हा काका पहिल्याच अनुष्ठानात होते. आम्ही अर्ज केला, अपील केलं, वरच्या साहेबांपुढे काकांना उभं केलं. मुदत संपली, एवढंच उत्तर मिळालं.

दुकान पाडलं त्या दिवशी मी त्यांच्याजवळ उभा होतो. ते म्हणाले, "बाबा खोटं काही बोलले नाहीत हो. दुकान बंद दिसतंय म्हणाले, मी म्हटलं, नशिबाचं बोलताहेत. त्यांनी एक ओळ तेवढी सांगितली नाही."

मला त्यांना रागवायचं होतं, रागवता आलं नाही. तुम्हाला मात्र रागावून सांगतो. कुणाच्या अंगात काय येतं, कुणाला काय दिसतं, याच्या नादी लागू नका. विभागात जा, माहिती अधिकारी कोण ते विचारा, आपल्या हाताने अर्ज लिहा, आपला पत्ता घाला, पोच घ्या. उत्तर आलं की शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. वाचता येत नसेल तर दोघांकडून वाचून घ्या. आणि ज्या कागदावर काही लिहिलेलं नाही त्याच्यावर, साक्षात देव समोर येऊन बसला तरी, सही करू नका.