मानभर हिरवळ

मी एक जुने कासव आहे. किती जुने, ते विचारू नका. बागेतला सर्वांत उंच पेरू माझ्यासमोर रोपटे होता, एवढेच सांगतो. व्याकरणाच्या पुस्तकात कासव 'ते' असते, पण इथे मला सगळे दगडोबा म्हणतात, म्हणून मी स्वतःला 'तो' समजतो. घाई कशाशी खातात हे मला ठाऊक नाही. तेव्हा मित्रांनो, माझी गोष्टही जरा सावकाशच ऐका.

मी अंड्यातून कुठे बाहेर आलो, ते आठवत नाही. आठवते ती एक लाकडी पेटी आणि तिचे झाकण उघडणारा मिशाळ चेहरा. ते या बागेचे माळीबाबा. त्यांनी मला तळ्याकाठच्या उतारावर सोडले, पाठीवर टकटक केली आणि म्हणाले, "चर बाबा, पोटभर चर." ही आज्ञा मी आजवर मनापासून पाळली आहे.

मला दात नाहीत, चोच आहे. तिने गवताचे शेंडे खुडत मी पुढे सरकतो. खाली पडलेला पिकला पेरूही सोडत नाही. त्याच्या बिया माझ्या पोटातून प्रवास करतात, भलत्याच ठिकाणी उतरतात आणि तिथे खतासकट रुजतात. कुंपणाकडेची पेरूची झाडे कोणी लावली, असे पाहुणे विचारत, तेव्हा माळीबाबा गालातल्या गालात हसत.

पण माझे खरे काम उतारावरचे. तिथले गवत मी कधी माजू दिले नाही. त्या आखूड गवतात एक पांढरे फूल यायचे, तांदळाच्या कणीएवढे. माळीबाबा त्या फुलांना ठिपके म्हणत. ठिपक्यांची पाने जमिनीला इतकी चिकटलेली असतात, की माझी चोच वरूनच निघून जाते. उंच गवत मी खायचो आणि त्यांना ऊन मिळायचे. आमचे छान जमले होते.

माळीबाबांच्या दोन्ही मुली याच बागेत काम करू लागल्या. बाबा गेल्यावर थोरली, म्हणजे ताई, रोज सकाळी चहाचा पेला घेऊन ठिपक्यांपाशी बसायची, कारण बाबाही तिथेच बसायचे. धाकटीचा सगळा जीव तिच्या वाफ्यांत. एकदा तिने झिनियाची रोपे लावली. कोवळी, रसाळ, ओळीने मांडलेली. मला वाटले, ताटच वाढून ठेवले आहे. मी सगळी फस्त केली.

"ताई, या दगडाला आवर, नाहीतर मी तरी ही बाग सोडते!" धाकटी कडाडली.

"अगं, मुका जीव आहे तो."

"मुका असेल, पण तोंड बघ किती चालतं त्याचं!"

ताईचा नाइलाज झाला. उताराच्या टोकाला, पंपघराच्या मागे जाळीचे कुंपण उभे राहिले आणि मी त्यात जाऊन बसलो. धाकटी दुष्ट नव्हती. रोज कोबीची पाने आणायची, फाटकातून टाकायची आणि लगबगीने वाफ्यांकडे परतायची.

जाळीतून मला उतार दिसायचा. गवत बघता बघता ताईच्या गुडघ्याला लागले. ठिपके दिसेनासे झाले. तहानले असतील म्हणून तिने पाणी घातले, खत घातले. त्यावर गवत आणखीच फोफावले. मग तिने यंत्राने ते कापले, पण कापलेले गवत तिथेच पडून राहिले आणि उरलेसुरले ठिपके त्याखाली गुदमरले. पुढच्या बहरात एकही फूल आले नाही.

"बाबांची एवढी एक गोष्ट, तीही मला सांभाळता आली नाही गं," ताई धाकटीजवळ रडली. मला ओरडता येत असते, तर तेव्हाच ओरडलो असतो. फार वाईट वाटले.

मग एके दिवशी पंपघरामागे पाण्याचा पाइप फुटला. धाकटी तो बघायला पहिल्यांदाच कुंपणाच्या मागच्या बाजूला आली आणि थबकली.

"ताई! अगं धाव, इकडे ये!"

जाळीखाली थोडी फट होती. तिच्यातून मान बाहेर काढून मी पोहोचेल तेवढे गवत खात असे. त्या अरुंद पट्टीत, कुंपणाला लागून, ठिपकेच ठिपके फुलले होते.

"इथे कोणी पाणी घातलं?" ताई खाली बसत म्हणाली.

"कोणी नाही. खतही नाही, यंत्रही नाही." धाकटीने पट्टीवर हात ठेवून पाहिला. "वीतभर म्हणावी तर जास्त आहे."

मला भूक लागली होती. मी मान बाहेर काढली आणि ताणता येईल तेवढी ताणली. माझी चोच नेमकी पट्टीच्या कडेला टेकली. धाकटी खो खो हसत सुटली.

"मानभर आहे, ताई! बरोब्बर मानभर!"

त्याच दिवशी जाळी निघाली. ती वाया गेली नाही. धाकटीने ती आपल्या झिनियांभोवती लावली. आता कुंपणात फुले आणि मोकळा मी.

मित्रांनो, एखादा जीव चरताना दिसला, तर त्याने काय खाल्ले एवढेच बघू नका. तो पुढे गेल्यावर मागे काय उगवते, तेही थोडे थांबून बघा. मगच त्याला हाकला किंवा ठेवून घ्या.

उतारावर ठिपके हळूहळू परतत आहेत. सकाळी तिथे आता चहाचे दोन पेले असतात. काल धाकटीने माझ्या पाठीवर टकटक केली, अगदी बाबांसारखी, आणि म्हणाली, "चर बाबा, पोटभर चर."