यादीत नसलेली जाऊ

काम एका ओळीचं होतं आणि नेमकी तीच ओळ मी चुकवली.

२००७ साली रत्नागिरीतल्या एका खासगी हॉस्पिटलसाठी मी वेब ॲप्लिकेशन लिहीत होते. भेटायला आलेल्या माणसाचं पेशंटशी नातं काय, ते काउंटरवरच्या राहीनं यादीतून निवडायचं. कोडमध्ये नावं जोडून लिहावी लागतात, त्यामुळे यादी उघडली की तिला ‘ब्रदरइनलॉ’, ‘सिस्टरइनलॉ’ असं एका दमात दिसायचं, तेही इंग्रजीत.

“नीरजाताई, माणसाला कळेल असं करा की काहीतरी,” ती म्हणाली.

त्यात काय मोठं! प्रत्येक नावाला मी एकेक मराठी नाव चिकटवून दिलं. सिस्टरइनलॉला ‘नणंद’. माझा नवरा एकुलता एक मुलगा, त्याला एकच बहीण. मला जाऊ नाही, म्हणजे जगात कुणालाच नाही, असा माझा कारभार. वर आणखी शहाणपणा केला. अतिदक्षता विभागातल्या संगणकाच्या पडद्यावर जागा वाचावी म्हणून भेटायला येणाऱ्याचं नावच काढून टाकलं. तिथे फक्त नातं दिसायचं.

नवी यादी सुरू झाली त्या दिवशी दुपारी मी मिरवायला गेले. बाकावर पावस गावची एक बाई ताठ बसली होती. विमला तिचं नाव.

“सकाळी आठपासून बसल्यात,” राही हळूच म्हणाली. “पेशंटनंच सांगितलंय, आत सोडू नका.”

मी जवळ जाऊन विचारलं, “आत कोण आहे तुमचं?”

“माझी जाव. थोरली, कमलाबाय. काल मीच आणून भरती केली तिला.” तिचा आवाज बसला होता. “वीस वर्सं एका चुलीवर काढली. कधी वाकडा शब्द नाय बोलली. आणि आज म्हणते, नको. माझं काय चुकलं गो?”

मी झटकन राहीकडे वळले. “यादीतून काय निवडलंस?”

“जाऊ नव्हतंच त्यात. मग नणंद घेतलं. सासरचंच माणूस ना!”

मी तशीच आत गेले. सिस्टरनं पडद्यावर वाचून विचारलं होतं, तुमची नणंद आलीय, सोडू का? आणि कमलाबाईंनी जोरात नकारार्थी मान हलवली होती.

“तिला कशाला सोडायचं आत?” कमलाबाई मला म्हणाल्या. “आंब्याच्या कलमांच्या वाटणीवरून अकरा वर्सं तोंड नाय बघितलं तिनं माझं. आता बरी आली!”

“बाई, ती तुमची नणंद नव्हती. विमलाबाई आहेत बाहेर. चूक माझी झाली, मी चुकीचं नातं लिहिलं.”

त्या बघतच राहिल्या. मग सलाईनची नळी विसरून उठायलाच लागल्या. “विमल? ती हितंच हाय? सकाळपासून दाराकडं डोळे लावलेत मी. म्हटलं, कंटाळली माझ्या दुखण्याला, गेली घरी.”

त्या एका नावाची मी पुढे चार नावं केली, नणंद, जाऊ, वहिनी, मेहुणी. पण त्या क्षणी मला फक्त लाज वाटत होती. दोन बायका एका भिंतीच्या दोन बाजूंना सकाळपासून एकमेकींसाठी झुरल्या होत्या, आणि ती भिंत मी घातली होती.

मी बोलावल्यावर विमला आली, पण दारातच थांबली. अजून रुसलेलीच होती.

“जेवलीस काय गो?” कमलाबाईंनी विचारलं.

“तू नको म्हटलंस. मग घास कुठला उतरतोय?” असं म्हणाली आणि ती रडायलाच लागली.

कमलाबाई मोठ्या कष्टानं कॉटच्या कडेला सरकल्या आणि रिकाम्या जागेवर हात ठेवला. कॉटवर बसायचं नाही, असं सिस्टर दोनदा म्हणाली. विमला बसलीच.