गोठ्यातलं नेट

मला एक दार हवं होतं, आतून लावून घेता येईल असं. बाकी सगळं माझ्याकडे होतं.

पुण्यातली एक शिकवणीची कंपनी मला चौथी-पाचवीच्या मुलांना ऑनलाईन गणित शिकवायचं काम देत होती. लॅपटॉप माझा लग्नाआधीचा, डी.एड.ही माझं. कंपनीच्या स्नेहल मॅडमनी फोनवर अट सांगितली होती: खोली शांत पाहिजे आणि नेट मध्येच तुटता कामा नये. मार्गासनीतल्या आमच्या घरात नेट होतं, शांतता नव्हती. सोप्यात टीव्ही, आत मिक्सर, दारात कायम कुणीतरी "हायेत का मामा" म्हणत उभं. शांतता होती ती अंगणापलीकडे, गोठ्याला लागून असलेल्या चाऱ्याच्या खोलीत. गाई विकून आता एकच उरली होती, त्यामुळे खोली रिकामीच. पण दगडी भिंतींमुळे वायफाय तिथवर जायचं नाही, आणि डोंगराच्या आडोशाला मोबाईलला रेंज कसली.

लेकीला, शेफालीला, पाजता पाजता एका हातानं मोबाईल चाळत मीच तोडगा शोधला. जोडीचे दोन प्लग मिळतात. एक नेटच्या डब्याजवळच्या बोर्डात लावून डब्याला जोडायचा, दुसरा जिथं नेट हवं तिथल्या बोर्डात. मधलं काम लाईटची वायरच करते. माझा नवरा स्वरूप टेम्पो घेऊन पुण्याला जातो, त्याच्याकडून मागवले.

सासूबाईंनी प्लग उलटापालटा करून पाहिला. "लाईटीच्या तारंतनं नेट येनार? उद्या नळातनं दूध बी येईल मग."

"येऊ दे की आत्या, धार काढायची कटकट संपली तुमची."

त्या हसल्या. मामा, म्हणजे माझे सासरे, तेही हसले.

गोठ्यात प्लग लावला तर दोन दिवे लागले, तिसरा, जोडणीचा, काही लागेना. काढून स्वयंपाकघरात लावला की लगेच हिरवा. पुन्हा गोठ्यात, पुन्हा नाही. शेफाली कडेवरून त्या दिव्यांना "चिऊ, चिऊ" म्हणत हात करायची, तिचा दुधाळ वास माझ्या मानेशी, आणि मी त्या बोर्डापुढे रडकुंडीला आलेली.

मग एका दुपारी घरातली लाईट गेली. टीव्ही बंद, फ्रिज बंद. मी दारात आले आणि पाहिलं, तर गोठ्यातला बल्ब आपला चालूच.

"मामा, गोठ्याची लाईट कुठून घेतलीय?"

"पंपाच्या लाईनीवरनं. हीर हितं जवळ, घर लांब. तवा कोन तिकडनं वायर वडीत बसतंय. का गं?"

घर एका मीटरवर, गोठा शेतीपंपाच्या मीटरवर. ज्या वायरीतून नेट धावायचं ती घरातून गोठ्यात गेलेलीच नव्हती. "घरातून एक वायर ओढायला लागेल," मी म्हटलं.

सासूबाई बोलल्या, "त्या खोलीत आमी चार दिस बाजूला बसायचो, तवा कवा सुटका हुतीया असं व्हायचं. आन तू रोजची बसायला मागतीस व्हय?"

"तुम्हाला बसवायचे आत्या. मी माझी बसतेय."

"जीभ लई चालती हिची," त्या स्वरूपला म्हणाल्या. स्वरूप म्हणाला, "बघू."

बघण्यात आठवडा गेला असता. मीच हनुमंत वायरमनला फोन केला. त्यानं घरातून वायर ओढली आणि चाऱ्याच्या खोलीत वेगळा बोर्ड बसवला. प्लग लावला, तिसरा दिवा हिरवा झाला. मी भिंतींना चुना लावला, जमीन सारवली, आढ्याला लेकीचा झोका बांधला. खोलीला आतून कडी होती, गंजलेली. तिला तेल घातलं.

चाचणीचा तास तिथूनच घेतला. शेफाली झोक्यात झोपलेली, मी अपूर्णांक शिकवतेय, भाकरीचे चार तुकडे करून. मुलं खुदुखुदू हसत होती. स्नेहल मॅडम म्हणाल्या, "खोली फार छान शांत आहे तुमची. सोमवारपासून सुरू करू."

मामांनी हे खिडकीतून पाहिलं होतं. दूध घालायला गेले की ते सांगायचे, "आमच्या सूनबाईनं गोठ्यात नेट आनलंय. घरापरीस जोरात पळतंय." स्वरूपनं कापूरहोळच्या धाब्यावर सांगितलं. घरी येऊन ते मलाही तो इतक्या कौतुकानं सांगत होता, की मी लाजून हसले होते.

धाब्यावर ते सार्थक नावाच्या एका माणसानं ऐकलं. तो कंपनीचं काम लॅपटॉपवरून करायचा आणि त्यासाठी पानशेतला खोली घेऊन राहत होता, पण तिथं सुट्टीच्या दिवशी गाड्यांचा कलकलाट आणि नेटचे हाल. रविवारी स्वरूप त्याला घेऊनच आला. तो खोलीत फिरला, लॅपटॉप जोडून पाहिला. "परफेक्ट," म्हणाला. "आणि हा झोका काढता येईल ना?"

स्वरूपनं काढला.

मी त्याला न्हाणीच्या मागे गाठलं. "अहो, उद्या माझा तास आहे."

"घरात घे की. नेट तर घरातच हाय. चार महिन्यांचा प्रश्न हाय, भाडं बी देतोय तो."

"घरात शांतता कुठंय?"

"आईला सांगतो टीव्ही बारीक करायला."

टीव्ही बारीक झाला, पण माणसं थोडीच बारीक होणार? मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून भागाकार शिकवायचे. कुकर शिट्टी मारायचा, मुलं मोजायची. शेफाली मांडीवर चढून पडद्याला पापा द्यायची. सार्थक दारात यायचा, "वहिनी, मीटिंग आहे, थोडा वेळ नेट मोकळं ठेवाल?" आणि सासूबाई, "बंद कर गं तुझं, पावण्याचं काम हाय."

एकदा तो म्हणाला, गाय हंबरते, ती लांब बांधता येईल का. मामा ताडकन उठले. "गाय न्हाई हलायची. तिची जागा हाय ती." स्वरूप लगेच म्हणाला, "व्हय, बरोबर हाय." सार्थकनं मान डोलावली. मी चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभी होते. कुणाला तरी आणखी काही आठवेल असं वाटून थोडा वेळ तशीच थांबले.

शेवटी स्नेहल मॅडमचा फोन आला. पालकांच्या तक्रारी होत्या. त्या रागावल्या नाहीत, उलट समजावून बोलल्या. "चाचणीच्या वेळची ती खोली वापरा ना. तिचं काय झालं?"

"ती भाड्यानं दिली."

"अहो, पण कुणी?"

सोप्यात मामा होते, आत्या होत्या, स्वरूप टेम्पोची किल्ली शोधत होता.

"आम्ही," मी म्हटलं. "आम्हीच दिली."

मॅडमनी माझे तास थांबवले. फोन ठेवला तेव्हा शेफाली लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर हात फिरवत मुलांना शोधत होती. मी तिला उचललं. आत्यांनी आतून विचारलं, "पावण्याला च्या दिला का?"